करवत झाडाकडे नेणारा इंजिनियर

मित्रांनो, ‘श्टील’ हे नाव वाचून मेटलर्जीचं लेक्चर आठवलं ना? पण हे ते स्टील नव्हे! हे एका मेकॅनिकल इंजिनियरचं आडनाव आहे. पूर्ण नाव आंद्रेआस श्टील. वादळात रस्त्यावर झाड पडलं की अग्निशमन दलाचे लोक जी घर्रघर्र करणारी चेन सॉ घेऊन येतात, तिला आजचं रूप देणाऱ्या मोजक्या माणसांत याचं नाव फार वर आहे.

आंद्रेआसचा जन्म १० नोव्हेंबर १८९६ ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला झाला. पुढचं शिक्षण जर्मनीत झालं. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. त्यानंतर त्याने मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं आणि १९२६ मध्ये श्टुटगार्टला स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचा माल होता वाफेच्या बॉयलरच्या भट्ट्या आणि वॉशिंग मशीन! पण लाकूड कापायच्या धंद्यातली एक अडचण त्याच्या डोक्यात बसली होती. करवत गिरणीत, झाड जंगलात. दोन माणसांनी तासन्‌तास मोठी करवत ओढून झाड पाडायचं आणि तो अवजड ओंडका गिरणीपर्यंत न्यायचा. मग गिरणीच का झाडाकडे नेऊ नये?

आता यातलं इंजिनियरिंग बघा. गोल चकतीची करवत एका कापात आपल्या निम्म्या व्यासापेक्षाही कमी खोल जाते, कारण मध्ये शाफ्ट येतो. म्हणजे जाड ओंडक्यासाठी अवाढव्य चकती हवी. त्याऐवजी एका चपट्या पट्टीवरून, म्हणजे बारवरून, दातांची साखळी फिरवली तर जवळजवळ सगळी पट्टी लाकडात जाते. कल्पना एकट्या श्टीलची नव्हती, त्या काळात जर्मनीत एमिल लेर्प वगैरे दुसरेही लोक यामागे होते. पण श्टील चिकाटीचा निघाला. १९२६ मध्ये त्याने विजेवर चालणारी चेन सॉ केली. जंगलात वीज कुठून आणणार? म्हणून १९२९ मध्ये पेट्रोलची आली. ताकद ६ हॉर्सपॉवर, वजन ४६ किलो! दोन माणसं दोन टोकांना धरून ती चालवायची. तरी ती जर्मनीबाहेरही विकली जाऊ लागली.

इथे त्याच्या आयुष्यातलं एक पान येतं, जे गाळून पुढे जाणं बरोबर नाही. श्टील नाझी पक्षाचा सदस्य होता आणि एसएसमध्येही होता. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्यात जबरदस्तीने आणलेल्या कामगारांना राबवलं गेलं. बॉम्बहल्ल्यात कारखान्याचं मोठं नुकसान झालं आणि युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी त्याला काही काळ कैदेत ठेवलं. ज्या माणसाने लाकूडतोड्याच्या पाठीवरचं ओझं कमी केलं, त्याच माणसाच्या कारखान्यात हे घडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

सुटका झाल्यावर त्याने वॉइब्लिंगेनला पुन्हा कारखाना उभा केला. १९५० मध्ये एका माणसाला पेलेल अशी पेट्रोलची सॉ आली. १९५९ मध्ये ‘कॉन्ट्रा’ आली. ताकद तीच ६ हॉर्सपॉवर, पण वजन साधारण १२ किलो. पॉवर टू वेट रेशो म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा या दोन आकड्यांवरून जास्त कळलं. मधल्या काळात अमेरिकेत जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून १९४७ मध्ये नव्या आकाराच्या दातांची चेन बाजारात आणली होती. आजच्या चेनचे दात त्याच घराण्यातले आहेत.

यंत्र हलकं आणि ताकदवान झाल्यावर गिरणी खरोखरच झाडाकडे गेली. बारला एक फ्रेम जोडायची आणि पडल्या जागी ओंडक्याच्या सरळ फळ्या काढायच्या. याला चेन सॉ मिलिंग म्हणतात. पण इथे नेहमीची चेन लावली तर काम रडतखडत होतं. झाड पाडताना दात रेषांना आडवे कापतात, फळी काढताना कापायचं असतं रेषांच्या दिशेने, आणि दातांसमोर सतत रेषांची टोकं येतात. म्हणून रिपिंग चेन वेगळी. साध्या चेनच्या दाताला वरून साधारण ३० अंशांची धार असते, रिपिंगला १० अंशांच्या आसपास. कापायला वेळ लागतो, पण फळी गुळगुळीत येते.

बार निवडतानाही तसंच. फ्रेम काही इंच खाते, म्हणून २० इंची ओंडक्याला २० इंची बार पुरत नाही, २४ किंवा जास्त लागतो. पण उगाच लांब बार घेतला तर छोटं इंजिन गुदमरतं. शिवाय चेनचा पिच स्प्रॉकेटशी आणि गेज बारच्या खाचेशी जुळलाच पाहिजे. पिच मोजायची सोपी युक्ती म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर घ्यायचं आणि दोनने भागायचं. बारीक चेन घेतली तर भुसा कमी पडतो आणि एखादी फळी जास्त मिळते. चेनला तेल मात्र सतत हवं, नाहीतर बार तापून खराब होतो.

१४ जानेवारी १९७३ ला श्टील गेला. तोपर्यंत त्याच्या कंपनीच्या चेन सॉ जगभर पोचल्या होत्या आणि कारभार पुढच्या पिढीच्या हातात गेला होता.

मित्रांनो, बार, चेन आणि इंजिन एकमेकांना जुळतात का हे आपण टेबल बघून सांगू शकतो. पण आपण बनवलेलं यंत्र कोणाच्या घामावर उभं आहे, हे सांगणारं टेबल कुठल्याच हँडबुकमध्ये नाही. ते ज्याचं त्यालाच तपासावं लागतं. श्टीलकडून मशीन डिझाइन तर शिकूच या, पण त्याने जे तपासलं नाही, तेही लक्षात ठेवू या.