पडद्याला गती देणारा, ध्वनीपुढे थांबलेला
मानखुर्द, प्रतिनिधी : हार्बर मार्गावरील मानखुर्द स्थानकात लोकलची वाट पाहणारा प्रवासी आज तळहातावरील मोबाइलवर चित्रपट पाहतो. याच मुंबईत एकेकाळी एका मराठी माणसाने चित्रपटाच्या ध्यासापायी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. ते होते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. मात्र प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य गमावल्याने त्यांना ते गाव सोडावे लागले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी, शिळाप्रेसचे काम आणि स्वतःचा छापखाना असा त्यांचा प्रवास झाला. चित्रे छापण्याची नवी यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले.

भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सुटला. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर आणण्याचा निश्चय केला. अहोरात्र अभ्यासाच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. तरीही १९१२ मध्ये लंडन गाठून त्यांनी हे तंत्र आत्मसात केले आणि कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म मागवली.

दादर येथे 'राजा हरिश्चंद्र'ची निर्मिती झाली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहातील अण्णा साळुंके यांनी ती साकारली. पत्नी सरस्वतीबाई दिवसा सर्वांचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट झळकला. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांनी त्यांचे नाव सर्वदूर नेले.

मात्र ज्या यंत्रयुगाने त्यांना घडवले, तेच पुढे धावू लागले. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली आणि मूकपट झपाट्याने मागे पडले. फाळके यांच्या 'सेतुबंधन' या मूकपटावर नंतर ध्वनी चढवावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला. छायाचित्रण, मुद्रण आणि चलच्चित्र ही तिन्ही तंत्रे हस्तगत करणारा हा कलावंत चौथ्या तंत्राच्या उंबरठ्यावर थबकला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

१९६९ पासून त्यांच्या नावे देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. मूकपट गेले, पुढे व्हिडिओ कॅसेट आणि सीडीही गेल्या. उद्या मोबाइलचीही जागा दुसरे काही घेईल. यंत्रे जुनी होतात. पण पडद्यावर आपली गोष्ट पाहण्याची जी ओढ फाळके यांनी या देशाला लावली, ती मात्र मानखुर्दच्या फलाटावरही तितकीच ताजी आहे.