कुंथलगिरीवरील अंतिम साधना

बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात, श्री सिद्धक्षेत्र कुंथलगिरी आहे. कुलभूषण व देशभूषण या मुनिद्वयाने घोर उपसर्ग सहन करून जेथून निर्वाण प्राप्त केले, त्याच पहाडावर सन 1955 च्या चातुर्मासात परमपूज्य चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री 108 शांतिसागर महाराज यांनी आपल्या जीवनातील सर्वांत कठीण कार्य हाती घेतले. त्या वेळी त्यांचे वय 83 वर्षांचे होते.

महाराजांचा जन्म सन 1872 मध्ये येळगूळ येथे आजोळी झाला. घर बेळगाव जिल्ह्यातील भोज गावी, पूर्वाश्रमीचे नाव सातगौडा पाटील. बालवयातच विवाह झाला व पत्नी लवकरच निवर्तली. मातापित्यांची अखेरपर्यंत सेवा करून मगच त्यांनी घर सोडले. सन 1920 मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा, सन 1924 मध्ये समडोळी येथे आचार्यपद. उत्तर भारतात दिगंबर मुनींचा विहार त्या काळी जवळजवळ लुप्त झाला होता. सन 1927 मध्ये महाराज संघासह पायी सम्मेदशिखरजीकडे निघाले, पुढे दिल्लीतही त्यांनी चातुर्मास केला.

कठीण प्रसंगी उपवास व जाप्य हेच त्यांचे बळ. त्यांच्या मुनिजीवनातील उपवासांची संख्या 9,938 सांगितली जाते, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक दिवस निराहार! सन 1947 चा मुंबई राज्याचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा जैन मंदिरांना लागू करण्यास त्यांचा विरोध होता. जैन धर्म स्वतंत्र आहे, ही त्यांची भूमिका. सन 1948 मध्ये त्यांनी अन्नत्याग केला आणि सन 1951 मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत, सुमारे तीन वर्षे, तो पाळला. या प्रश्नाला अस्पृश्यतेचाही पदर होता, हे आज लपविण्याचे कारण नाही. परंतु वृद्धापकाळी घेतलेल्या त्या नियमात किंचितही शिथिलता आली नाही, हेही तितकेच खरे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जिनेंद्र भगवान वीतराग आहेत. ते कोणाला काही देत नाहीत व कोणाचे काही हिरावूनही घेत नाहीत. मग महाराजांची श्रद्धा कशावर होती? जिनवाणीवर, आणि जिनेंद्रांनी स्वतः चालून दाखविलेल्या मार्गावर. भक्तीने आत्मबल जागृत होते आणि उपवासाने देहाचा मोह उतरतो, एवढीच त्यांची अपेक्षा.

सन 1955 मध्ये त्या श्रद्धेची अंतिम कसोटी आली. महाराजांची दृष्टी अतिशय मंदावली होती. मुनीने चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे व आहार शोधून घ्यावा, असा दंडक आहे. डोळेच साथ देईनासे झाले तर पायाखाली जीव चिरडणार, आहारात जीवहिंसा घडणार. देह राखावा की अहिंसा महाव्रत राखावे? महाराजांनी व्रत निवडले आणि 14 ऑगस्ट रोजी सल्लेखनेस प्रारंभ केला. अन्न पूर्ण वर्ज्य झाले, पाणी क्वचितच, आणि अखेरीस तेही सुटले.

आपले पहिले शिष्य मुनी वीरसागर यांना त्यांनी आचार्यपद दिले. वीरसागर महाराज आपल्या मराठवाड्यातीलच, औरंगाबाद जिल्ह्याचे सुपुत्र. त्या वेळी ते दूर जयपूरला होते. पदाचा निरोप तेथे पाठविण्यात आला. गुरुशिष्यांची अखेरची भेट झाली नाही.

पहाडावर दर्शनार्थींची रीघ लागली होती. 8 सप्टेंबर रोजी, सल्लेखनेच्या 26 व्या दिवशी, महाराजांनी मराठीतून अंतिम उपदेश केला व तो ध्वनिमुद्रित झाला. पंचवीस दिवस निराहार असलेला तो वृद्ध देह सुमारे बावीस मिनिटे बोलत होता! संयम धारण करण्यास भिऊ नये आणि रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करावे, हा त्या उपदेशाचा गाभा होता.

पुढे दहा दिवसांनी, 18 सप्टेंबर 1955, भाद्रपद शुद्ध द्वितीया, रविवारी सकाळी सातच्या सुमारास महाराजांचे समाधिमरण झाले. तो सल्लेखनेचा 36 वा दिवस होता.