स्वतःवरच सुई चालवणारे डॉ. ब्राउन-सेकार

पॅरिसच्या सोसायटी ऑफ बायॉलॉजीच्या सभेत १ जून १८८९ रोजी ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क काढून तो आपण स्वतःच्याच त्वचेखाली टोचून घेतला आणि त्यामुळे गेलेली ताकद परत आली, असे त्यांनी जाहीर केले. म्हातारपणी यांची बुद्धी फिरली, असे काहींना वाटले. पण बोलणारे होते चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येण्याजोगे नव्हते.

त्यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये झाला. पुढे कोकणातले मराठी मजूर गेले, तेच हे बेट. वडील अमेरिकी जहाजाचे कप्तान होते. मुलगा जन्मण्याआधीच ते समुद्रात नाहीसे झाले. आई फ्रेंच वंशाची. तरुण चार्ल्स १८३८ मध्ये लेखक व्हायला पॅरिसला आला, पण तिथे त्याला साहित्यात दाद मिळाली नाही. मग तो वैद्यकाकडे वळला आणि १८४६ मध्ये डॉक्टर झाला.

मज्जारज्जू अर्धा कापला गेला, तर त्याच बाजूची हालचाल जाते आणि वेदना व उष्ण-थंड यांची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते, हे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकाचे विद्यार्थी आजही हे ‘ब्राउन-सेकार सिंड्रोम’ म्हणूनच शिकतात. १८५६ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी वाचले नाहीत. या इवल्याशा ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांनी लंडनच्या पक्षाघात व अपस्माराच्या रुग्णालयात आणि हार्वर्डमध्ये काम केले. १८७८ मध्ये क्लोद बर्नार यांच्या निधनानंतर ‘कॉलेज द फ्रान्स’मधील त्यांचे पद ब्राउन-सेकार यांना मिळाले.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांना जुनी सवय होती. १८५४ मध्ये मॉरिशसला पटकीची साथ आली, तेव्हा ते तिथे रुग्णसेवा करत होते. अफूच्या अर्काचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णांच्या उलटीतला अंश गिळला आणि मग तो अर्क घेतला. त्यातून ते जेमतेम वाचले.

वृषणे रक्तात काही शक्तिदायी द्रव्य सोडतात आणि वय वाढले की ते कमी पडते, असा त्यांचा तर्क होता. वीर्य गेले की शक्ती जाते, ही आपल्याकडे घट्ट रुजलेली समजूतही त्यात मिसळलेली होती. हस्तमैथुनाने माणूस खंगतो, असे तेही मानत. ही समजूत चुकीची आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

मे १८८९ मध्ये त्यांनी इंजेक्शने घ्यायला सुरुवात केली. सुई दंडात आणि पायांत टोचायची. ठणका जबरदस्त असे. पण काही दिवसांतच जिने झपाझप चढता येऊ लागले, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, लघवीची धार लांब गेली, पोट साफ होऊ लागले. त्यांनी हाताचा जोर यंत्रावर मोजला, तोही वाढलेला दिसला. इंजेक्शने थांबवल्यावर काही आठवड्यांत अशक्तपणा परतला.

बातमी जगभर पसरली. तारुण्य परत देणाऱ्या अर्कांचा बाजार उठला आणि भोंदूंनी हात धुऊन घेतले. ब्राउन-सेकार यांनी मात्र पैसा कमावला नाही. सहकारी द’आर्सोंवाल यांच्या मदतीने ते डॉक्टरांना चाचणीसाठी अर्क फुकट देत. एप्रिल १८९४ मध्ये, ७७वा वाढदिवस तोंडावर असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अर्कात होते काय? वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करते, पण साठवून ठेवत नाही. शिवाय हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि त्यांचा अर्क पाण्यातला होता. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क करून पाहिला. त्यातले टेस्टोस्टेरॉन परिणाम व्हावा इतके मुळीच नव्हते. म्हणजे म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला आलेली उभारी विश्वासाची होती. हा प्लासिबो परिणाम आहे. त्यांनी घेतलेली मापे माणसाच्या मनावर आणि जोर लावण्यावर अवलंबून होती, तिथेच फसगत झाली.

ग्रंथींची कल्पना मात्र खरी निघाली. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून रुग्ण बरी केली. १९२१ मध्ये इन्सुलिन सापडले, १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले गेले.

लैंगिक दुर्बलतेवर खरोखर काम करणारे इंजेक्शन यायला आणखी बराच काळ लागला, आणि ते ताकदीचे नव्हते, रक्तवाहिन्यांचे होते. १९८२ मध्ये फ्रान्सचे रोनाल्द व्हिराग यांनी दाखवले, की पापाव्हेरिन शिश्नात टोचल्यास रक्तवाहिन्या सैल होऊन ताठरता येते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी अमेरिकेतल्या परिषदेला येण्याआधी स्वतःलाच इंजेक्शन घेतले आणि त्याचा परिणाम जमलेल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवला. सुई स्वतःलाच टोचलेली, पण या वेळी फरक इतरांच्या डोळ्यांना दिसत होता.

आज गोळ्यांचा उपयोग होत नाही किंवा त्या चालत नाहीत, अशा पुरुषांना अल्प्रोस्टॅडिलचे इंजेक्शन घरी घ्यायला शिकवतात. पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, आणि मात्रा कमीपासून वाढवत ठरवायची. बारीक सुई शिश्नाच्या कडेला टोचायची, वरून किंवा खालून नाही. दिसणारी शीर टाळायची, दर वेळी बाजू बदलायची आणि नंतर काही मिनिटे दाबून धरायचे. २४ तासांत एकाहून अधिक इंजेक्शन नाही, आठवड्यात तीनहून अधिक नाहीत. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर संकोच न करता तातडीने रुग्णालय गाठायचे. उशीर झाल्यास कायमची इजा होते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यात हा धोका मोठा असल्याने त्यांनी हे औषध घेऊ नये.

उपचाराआधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे, कारण ताठरता जाणे ही अनेकदा तिथल्या बिघाडाची पहिली सूचना असते. शक्तिवर्धक म्हणून जाहिरातीतून विकल्या जाणाऱ्या औषधांनी असा बिघाड झाकला जातो, बरा होत नाही.