रूमीखानाची भट्टी

सभा गाजविणाऱ्या वक्त्यास मराठीत मुलूखमैदान तोफ म्हणतात. ही तोफ विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपूरच्या, शेरझा बुरुजावर असल्यामुळे ती तेथीलच, असा समज रूढ आहे. वस्तुतः ती अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत १५४९ साली ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे : मुहम्मद बिन हसन रूमी.

रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. तोफखान्याच्या विद्येत त्या काळी तुर्कांचा हात धरणारे थोडे होते आणि हिंदुस्थानातील दरबार त्यांना मानाने बोलावीत. रूमीखान हा किताबच झाला होता. सुरतेस एक रूमीखान होता, हुमायूनच्या पदरीही एक. त्यांच्याशी नगरच्या या पुरुषाची गल्लत होऊ नये.

तोफेची लांबी चौदा फुटांहून अधिक, तोंडाचा व्यास दोन फूट चार इंच आणि वजन सुमारे ५५ टन. धातूत शंभर भागांत ८० तांबे, २० कथील. हे प्रमाण तोफेचे नव्हे, घंटेचे आहे. तोफेच्या धातूत कथील साधारणतः दहा भागांच्या आसपास असते. कथील वाढले की धातू कठीण पण ठिसूळ होतो. मग रूमीखानाने ते का वाढविले असावे? शुद्ध तांबे १०८५ अंशांवर वितळते, तर हे मिश्रण ९०० अंशांच्या सुमारास संपूर्ण पातळ होते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज पोहोचते. पंचावन्न टनांचा रस ओतावयाचा होता, तेव्हा ही सवलत लहान नव्हती.

त्याच्यापुढील खरा प्रश्न उष्णतेचा होता. तांबे प्रथम वितळवून त्यात कथील मिसळावयाचे असे धरले, तर एक किलो मिश्रणास सुमारे १४० किलोकॅलरी उष्णता लागते. त्यांपैकी सुमारे ९८ तापविण्यात जातात. उरलेल्या ४२ नुसत्या वितळविण्यात खर्च होतात. त्या वेळी आच चालू असूनही तापमान जागचे हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. एक ग्रॅम बर्फास तो ८० कॅलरी लागतो, तांब्यास ४९. बर्फाचे उदाहरण शाळेत प्रत्येकाने सोडविलेले असते. नगरच्या तोफेचे मात्र नगरच्या वर्गातही कोणी घालीत नाही!

५५ टनांस गुणल्यास आकडा ७७ लक्ष किलोकॅलरींवर जातो. सुक्या लाकडाच्या एका किलोतून ३,५०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे कागदावर २,२०० किलो लाकूड पुरे. परंतु भट्टीची बहुतेक उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून निघून जाते. दहावा हिस्सा धातूस मिळाला असे उदारपणे धरले, तरी बावीस टन लाकूड हवे. शिवाय एवढा रस एका मुशीत मावणे अशक्य. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार असल्या पाहिजेत. एक जरी मागे पडली, तर आधीचा रस साच्यात थिजून सगळे काम फुकट. जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत अप्रकट उष्म्याचा सिद्धांत मांडला तो १७६०च्या सुमारास, म्हणजे दोनशे वर्षांनी. रूमीखानाजवळ तापमापकही नव्हता. ज्वाळेचा रंग आणि रसाची हालचाल पाहून त्याने वेळ साधली.

तोफेवर नाव, वर्ष आणि राजा यांची नोंद झाली, धातूचे प्रमाण मात्र कोरले गेले नाही. ते कळण्यास पुढे रासायनिक पृथक्करण करावे लागले. आपल्याकडील कारागिरीची ही जुनीच रड आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या लढाईत हुसेन निजामशहाचा तोफखाना चलबी रूमीखानाच्या हाती होता. तोफ ओतणारा तो हाच, असे मानले जाते. नगरच्या दरबारात वाढलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो की त्याने सहाशे तोफा तीन रांगांत लावल्या आणि शत्रू अगदी जवळ येताच त्यांतून तांब्याची नाणी डागली. विजयनगरचे भवितव्य त्या दिवशी ठरले.

तोफ नगराहून परांड्यास गेली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. १८५४ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी ती लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. तांबे-कथिलाचा भाव पाहता ही थट्टाच. पण ते धूड फोडून पुन्हा वितळवावयाचे, तर सरपणास काय पडेल, हा हिशेब बोली लावणाऱ्याने बहुधा केला असावा. विक्री रद्द झाली. तोफ बुरुजावरच आहे.