शर्ट शिवणारा बेब रूथ

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. खेळातले मला काही कळत नाही. पण माझ्या लेकीने बेब रूथ या अमेरिकन खेळाडूचे इंग्रजी चरित्र आणले आणि रात्री निजानीज झाल्यावर थोडे थोडे मराठीतून मला सांगितले. आमचा धाकटा भारी द्वाड. त्याला बोर्डिंगात टाकावे, असे घरात ठरत आले होते. म्हणून ही हकिकत मनाला लागली.

याचा जन्म १८९५ साली बाल्टिमोर शहरात झाला. खरे नाव जॉर्ज. बापाचा दारूचा गुत्ता होता. आईला आठ मुले झाली, त्यांतली दोनच जगली. पोरगा रस्त्यावर वाढला, शाळा बुडवू लागला. १९०२ साली, अवघ्या सातव्या वर्षी, आईबापांनी त्याला हाताबाहेर गेलेला ठरवून सेंट मेरीज नावाच्या ख्रिस्ती संस्थेत नेऊन घातले. १९१२ साली आई वारली, तेव्हा तो सतरा वर्षांचाच होता.

तिथे त्याला शर्ट शिवायला शिकवले. आपल्या शिवणवर्गातल्या भगिनींना ठाऊकच आहे, शर्टाची कॉलर नीट बसवणे किती कठीण! पुढे हजारो डॉलर मिळवू लागला तरी हा गृहस्थ स्वतःच्या कॉलरी स्वतःच ठीकठाक करी.

त्या संस्थेत ब्रदर मॅथायस नावाचे धिप्पाड संन्यासी होते. त्यांनी या पोराला हाताशी धरले, बेसबॉल शिकवला. त्यांची चेंडू टोलवण्याची ढब, इतकेच काय त्यांची चालसुद्धा पोराने उचलली. १९१४ साली बाल्टिमोरच्या संघाच्या मालकाने त्याला स्वतःच्या जबाबदारीवर तिथून नेले. मालकाचे बाळ म्हणून इतर खेळाडू त्याला ‘बेब’ म्हणू लागले.

त्याच वर्षी तो बोस्टनच्या संघात गेला. आधी तो चेंडू टाकणारा होता. पण त्याचा टोला इतका जबर, की त्याला रोज खेळवता यावे म्हणून मैदानाच्या दूरच्या भागात चेंडू अडवायला उभे करू लागले. चेंडू कुंपणापलीकडे गेला की त्याला ‘होम रन’ म्हणतात, आपल्या क्रिकेटमधल्या षटकारासारखा. १९२० पासून तो न्यूयॉर्कच्या यांकी संघाकडून खेळला. त्याच साली त्याने ५४ होम रन काढले आणि १९२७ साली ६०. सगळे मिळून ७१४! हा विक्रम १९७४ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. मात्र चेंडू हुकून तो १,३३० वेळा बादही झाला, हेही लेकीने मला मुद्दाम सांगितले.

तो काही साधुसंत नव्हता. खाणेपिणे बेताल, पैसा उधळावा तर त्यानेच. १९२५ साली आजारी पडला आणि बेशिस्तीबद्दल पाच हजार डॉलर दंडही झाला. पण तो संस्थेला विसरला नाही. १९१९ साली तिथे मोठी आग लागली, तेव्हा पुढच्या वर्षी संस्थेतल्या मुलांचा बँड त्याने आपल्या संघाबरोबर गावोगाव फिरवला आणि मदत गोळा केली. ब्रदर मॅथायसना मोटार घेऊन दिली.

१९३५ साली त्याने खेळ सोडला. एखाद्या मोठ्या संघाची सूत्रे हाती यावीत अशी फार इच्छा होती, ती अपुरीच राहिली. १६ ऑगस्ट १९४८ रोजी कर्करोगाने तो वारला. अंत्यदर्शनाला यांकींच्या मैदानावर हजारो माणसे रांगा लावून उभी होती.

सात वर्षांचे पोर हाताबाहेर गेले, असे त्याच्या आईबापांना वाटले. आठ मुलांना जन्म देऊन सहा मुलांचे मरण सोसलेल्या त्या माउलीला मी नावे ठेवणार नाही. पण पोर सुधारले ते काही नुसत्या भिंतींनी नाही. एका माणसाने त्याच्यासाठी वेळ दिला, म्हणून सुधारले. तो वेळ आईबापांनीच का देऊ नये, असे मी घरात बोलले. धाकटा घरीच आहे. संध्याकाळी त्याचे वडील त्याच्याबरोबर अर्धा तास अंगणात चेंडू खेळतात. परवा खिडकीची काच फुटली, पण मी रागावले नाही.