लोकप्रतिनिधीचा आदर्श : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

महाराष्ट्राच्या भूमीने ज्या थोर पुरुषांना जन्म दिला, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्थान आगळे आहे. त्यांच्या नावामागे कायमचे जोडले गेलेले ‘नामदार’ हे उपपद त्यांना मिळाले ते कायदेमंडळाच्या सभासदत्वामुळे. त्या सभासदत्वाचे सोने त्यांनी कसे केले, हे पाहणे आजच्या पिढीसही उद्बोधक ठरेल.

गोखले यांचा जन्म दि. 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 मध्ये पितृछत्र हरपले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत राहिले. या त्यागाची जाणीव गोपाळरावांनी जन्मभर ठेवली. शिक्षणापासून वंचित राहणाऱ्या मुलांविषयी पुढे त्यांनी जी तळमळ दाखविली, तिचे मूळ या घरच्या अनुभवात असावे.

1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर वकिली अथवा सरकारी नोकरी यांच्या मोहात न पडता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करून त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल आणि आकडेवारी बारकाईने तपासण्याची शिस्त त्यांना रानडे यांनीच लावली.

1897 साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. त्यांची साक्ष नावाजली गेली. परंतु तेथे असतानाच पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे काही आरोप केले. स्वदेशी परतल्यावर ते सिद्ध करता आले नाहीत. पत्रे पाठविणाऱ्यांची नावे उघड न करता गोखले यांनी सारा दोष स्वतःकडे घेतला आणि जाहीर क्षमा मागितली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तो घाव त्यांच्या मनात खोल गेला. यापुढे कायदेमंडळात त्यांनी केलेली भाषणे आकड्यांच्या भक्कम पायावर उभी राहिली.

1899 च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. 1901 मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी विक्री वा गहाण यांचा हक्क न ठेवता पुन्हा लागवडीस देण्याचा अधिकार त्यायोगे सरकारला मिळणार होता. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याची पत त्यामुळे नाहीशी होईल, अशी गोखले यांची भूमिका होती. विरोध व्यर्थ ठरताच फिरोजशहा मेहता यांच्यासह ज्या बिनसरकारी सभासदांनी सभात्याग केला, त्यांत गोखलेही होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळावर त्यांची निवड झाली. दि. 26 मार्च 1902 रोजी तेथे त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. दुष्काळ व प्लेग यांनी रयत हैराण झालेली असताना खजिन्यात शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. त्या काळी सभासदांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. केवळ चर्चा करता येई. तरीही गोखले दरवर्षी मिठावरील कर कमी करण्याचा आग्रह धरीत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर 1903 मध्ये दोन, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. या कपातीचे श्रेय एकट्या गोखले यांचे नसले, तरी गरिबाच्या भाकरीतील मिठाचा प्रश्न सभागृहात सतत जागता ठेवण्याचे काम त्यांनी केले.

1904 च्या विद्यापीठ कायद्यास व 1907 च्या राजद्रोही सभाबंदी कायद्यास त्यांनी ठाम विरोध केला. मात्र 1910 मध्ये वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार देणारा कायदा आला, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोध केला आणि गोखले यांनी मात्र सरकारला साथ दिली. त्या काळातील राजकीय हिंसाचारामुळे काही निर्बंध अटळ आहेत, असे त्यांचे मत होते. पुढे या कायद्याचा वापर ज्या कठोरपणे झाला, तो पाहता हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील उणी बाजू मानावी लागते. थोरांचे चरित्र सांगताना ही बाजू झाकणे उचित नव्हे.

मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर सभासदांना ठराव मांडता येऊ लागले. परंतु वरिष्ठ मंडळात सरकारी बहुमत कायम होते. 25 फेब्रुवारी 1910 रोजी गोखले यांनी नाताळमध्ये करारबद्ध मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि 1911 मध्ये ती भरती थांबली. ही प्रथाच संपूर्ण बंद करावी, हा त्यांचा 4 मार्च 1912 चा ठराव मात्र 22 विरुद्ध 33 मतांनी फेटाळला गेला.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. दि. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी ते सादर केले. त्याची रचना अतिशय सावध होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण जेथे आधीच पुरेसे आहे, तेथेच नगरपालिकांनी वा जिल्हा मंडळांनी सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करावे. मुलींचा समावेश पुढे करावा. गरीब पालकांस फी माफ असावी, असे त्याचे स्वरूप होते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केलेच होते. तो दाखला त्यांच्यापुढे होता. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे, एवढीच त्यांची मागणी होती. बॅ. जिना यांनी पाठिंबा दिला. पण खर्चाचे आणि सक्तीचे कारण पुढे करून सरकारने विरोध केला. दि. 19 मार्च 1912 रोजी मतदान झाले. बाजूने 13 व विरुद्ध 38 मते पडली. विरोधकांत केवळ सरकारी अधिकारीच नव्हते, तर काही हिंदी सभासदही होते. या पराभवाची गोखले यांना पूर्वकल्पना होती. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, अशी त्यांची धारणा होती.

अशा लोकप्रतिनिधीचे स्वतःचे हितसंबंध काय होते? कॉलेजचे अल्प निवृत्तिवेतन आणि त्यांच्या अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचे उत्पन्न, हेच त्यांच्या चरितार्थाचे मुख्य साधन होते. दि. 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवेत वैयक्तिक लाभ न पाहण्याची व संस्था जे देईल त्यात समाधान मानण्याची शपथ तेथील सदस्यांस घ्यावी लागे. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1904 मध्ये त्यांनी सी.आय.ई. हा किताब स्वीकारला होता. 1914 मध्ये देऊ केलेली ‘सर’ ही पदवी मात्र त्यांनी नम्रपणे नाकारली.

मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम त्यांनी सोडले नाही. दि. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर मतभेद राहिलेल्या लोकमान्य टिळकांनीही स्मशानभूमीत त्यांना श्रद्धांजली वाहिली.

त्यांच्या मृत्यूनंतर 1917 मध्ये करारबद्ध मजुरांची भरती थांबली. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. 2002 मध्ये शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत समाविष्ट झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून त्याचा कायदा देशभर अमलात आला. 1912 साली ज्या तेरा जणांनी हात वर केले, त्यांचा पक्ष त्या दिवशी हरला होता. पण तो खोटा नव्हता, हे काळाने सिद्ध केले. सार्वजनिक कार्यात यश लवकर मिळत नाही म्हणून खचणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने नामदार गोखले यांचे हे चरित्र नित्य स्मरणात ठेवावे.