एका वॉशरचा बदल: मायनर की मेजर?

लष्करी विमानाच्या डिझाइनमध्ये बदल करायचा झाला, मग ते नवीन रडार असो की इंधनाच्या पाइपमधला एखादा छोटा तुकडा, तर एक प्रश्न सुरुवातीलाच येतो: हा बदल मायनर की मेजर? यावर पुढचं सगळं ठरतं. मायनर असेल तर मान्यताप्राप्त डिझाइन संस्था तो स्वतःच मंजूर करू शकते. मेजर असेल तर उड्डाणयोग्यता प्रमाणित करणाऱ्या लष्करी यंत्रणेकडे जावं लागतं, नव्याने आकडेमोड आणि चाचण्या दाखवाव्या लागतात. (भारतात प्रमाणित करण्याचं हे काम बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था करते.)

युरोपातल्या लष्करी विमानांसाठी ईएमएआर २१ नावाची नियमावली आहे. तिच्यातली कसोटी साधी आहे. वजन, समतोल, सांगाड्याची ताकद, विश्वासार्हता, विमान वापरण्याची पद्धत किंवा उड्डाणयोग्यतेशी संबंधित आणखी काही, यांपैकी कशावरही जाणवण्याइतका परिणाम होत नसेल तरच बदल मायनर. उरलेले सगळे मेजर.

या यादीत बदललेला भाग केवढा आहे, किती रुपयांचा आहे, बसवायला किती वेळ लागतो, यातलं काहीच नाही. हे वाचताना मला दर वेळी बिॲट्रिस शिलिंग आठवतात.

शिलिंग यांचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातला. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी बाईंनी मोटरसायकल घेतली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या इंजिनियर बाईंच्या कंपनीत लागल्या. काम काय, तर वायरिंग करणं आणि जनरेटर बसवणं. पार्ट्रिज यांनीच त्यांना मँचेस्टर विद्यापीठात इंजिनियरिंग शिकायला पाठवायचा आग्रह धरला. तेव्हा या शाखेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९३२ ला इलेक्ट्रिकलची पदवी आणि लगेच पुढच्या वर्षी मेकॅनिकलमध्ये एमएस्सी. बाहेर जागतिक मंदी होती, नोकऱ्या नव्हत्या, म्हणून काही काळ बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधन सहायक. १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, म्हणजे आरएईमध्ये आल्या. ब्रिटिश लष्करी विमानांवरचं सरकारी संशोधन तिथे चालायचं.

सुट्टीच्या दिवशी बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकलची रेस लावत. ताशी १०० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण १६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फेरी मारणाऱ्याला तिथे गोल्ड स्टार मिळायचा. तो त्यांनी १९३४ मध्येच मिळवला होता. जॉर्ज नेलर यांनीही तो मिळवल्याशिवाय त्या लग्नाला तयार नव्हत्या, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, लग्न १९३८ मध्ये झालं.

आता मुख्य गोष्ट. १९४० मध्ये ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन ही दोन्ही लढाऊ विमानं रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर उडत होती. मर्लिनला कार्ब्युरेटर होता, तर जर्मन मेसरश्मिट १०९ ला थेट फ्युएल इंजेक्शन. कार्ब्युरेटर ठेवण्यामागे कारण होतं: पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते आणि सुपरचार्जरकडून जास्त ताकद मिळते. पण त्याची किंमत वैमानिक मोजत होते.

कार्ब्युरेटरमधला फ्लोट घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा चालतो. पातळी खाली गेली की व्हॉल्व्ह उघडतो, वर आली की बंद होतो. अट एकच, की पेट्रोल तळाशी असलं पाहिजे. वैमानिकाने दांडी पुढे ढकलून विमानाचं नाक झपकन खाली केलं की निगेटिव्ह जी लागतो आणि पेट्रोल उसळून छताला चिकटतं. तळाच्या नळीत हवा शिरते, इंजिन क्षणभर अडखळतं. पण हा भाग किरकोळ. खरं संकट त्यानंतर. फ्लोट उलटा खाली दाबला जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि पंप जोर लावून पेट्रोल आत ओततो. जुन्या स्कूटरचा प्लग ओला होऊन ती बंद पडते ना, तसं इंजिन पेट्रोलने गुदमरून बंद पडायचं. हे सगळं शत्रू मागे लागलेला असताना! मेसरश्मिट सरळ नाक खाली करून पळू शकायचं. ब्रिटिश वैमानिकाला आधी अर्धी कोलांटी घेऊन मगच सूर मारावा लागायचा, आणि तेवढ्या वेळात शिकार हातची जायची किंवा स्वतःची शिकार व्हायची.

योग्य उपाय म्हणजे नवीन कार्ब्युरेटर. पण त्याला वेळ लागणार होता आणि युद्ध थांबणार नव्हतं. आरएईमध्ये कार्ब्युरेटरचं काम पाहणाऱ्या शिलिंग यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. पूर येतो, कारण पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ शकतो. मग इंधनाच्या नळीतच एक अडसर घालायचा, मधोमध नेमकं मोजलेलं भोक असलेला. पूर्ण ताकदीला जेवढं लागतं तेवढंच पेट्रोल पुढे जाईल, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला तो अंगठीएवढ्या टोपणासारखा होता, पुढे नुसता चपटा वॉशर. बसवायला विमान सेवेतून बाहेर काढावं लागत नव्हतं. मार्च १९४१ पासून त्यांची छोटी टीम एकेका विमानतळावर जाऊन ते बसवू लागली, आणि शिलिंगबाई नॉर्टनवरूनच फिरायच्या. वैमानिकांनी त्या वॉशरला बाईंच्या नावावरून एक चावट टोपणनाव दिलं. ते मी इथे देत नाही, सर्च केलंत तर लगेच सापडेल.

१९४१ मध्ये ईएमएआर नव्हतं, हे उघड आहे. तरी आजची कसोटी लावून बघूया. वजन? नगण्य. समतोल, सांगाडा? काहीच फरक नाही. इथवर कुणीही मायनरचा शिक्का मारेल. पण पुढचे मुद्दे? इंजिनाची विश्वासार्हता बदलली. विमान लढाईत कसं वापरायचं तेही बदललं. शिवाय तो वॉशर एकाच इंजिनाच्या पुरवठ्याच्या वाटेत बसलेला, दुसरी वाट नाही. माझ्या मते हा शंभर टक्के मेजर बदल.

मला सगळ्यात रंजक वाटतं ते त्या भोकाचं माप. वॉशर दोन प्रकारचे होते: १२ पौंड बूस्टच्या इंजिनासाठी एक आणि १५ पौंडांसाठी दुसरा. म्हणजे इंजिनाची कमाल ताकद त्या भोकात हार्डकोड झाली होती! उद्या कुणी बूस्ट वाढवला आणि वॉशर जुनाच राहिला, तर पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडणार, तेही नेमकं टेक-ऑफला किंवा लढाईत. आम्ही सॉफ्टवेअरवाले रेट लिमिटचा एक आकडा कॉन्फिगमध्ये टाकतो आणि वर्षभराने ट्रॅफिक वाढल्यावर तोच आकडा सिस्टिम आडवी करतो. तोच प्रकार, फक्त इथे वर माणूस बसलेला. म्हणून बदलाचं वर्गीकरण करताना आज हा भाग काय करतो एवढंच बघून भागत नाही. पुढच्या कुठल्या बदलाशी त्याची गाठ बांधली जाते, हेही नोंदवावं लागतं.

ही गाठ सुटली नाही की काय होतं, ते ब्रिटननेच पुढे पाहिलं. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ निम्रॉड हे टेहळणी विमान हवेत पेटलं, १४ जण गेले. चौकशीत दिसलं की गरम हवेची नळी, नंतर जोडलेली वातानुकूलन यंत्रणा आणि हवेत इंधन भरण्याची सोय, असे वेगवेगळ्या दशकांतले निर्णय एकत्र येऊन आगीची जागा तयार झाली होती. या चौकशीनंतर ब्रिटनने २०१० मध्ये मिलिटरी एव्हिएशन अथॉरिटी स्थापन केली.

शिलिंग यांनी स्वतः वॉशरला कायमचा उपाय मानलं नव्हतं. सुरुवातीचं अडखळणं त्याने थांबत नव्हतं आणि जास्त वेळ उलटं उडताही येत नव्हतं. १९४३ मध्ये प्रेशर कार्ब्युरेटर आले आणि वॉशरचं काम संपलं. शिलिंग यांचं मात्र चालू राहिलं. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात याचा अभ्यास, आणि सुट्टीच्या दिवशी आता कारच्या रेस. १९६९ मध्ये त्या आरएईतून निवृत्त झाल्या आणि १८ नोव्हेंबर १९९० रोजी गेल्या. फार्नबरोत त्यांच्या नावाचा एक पब आहे, द टिली शिलिंग.